वारेकाका

वारेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सार्डिनिया बेटाच्या राजधानीत, म्हणजे काल्यारीत, सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाचं आडनाव वारे असण्याची शक्यता तशी कमीच. (त्यांना इटालियन म्हटलेलं खपत नाही. ते सार्ड. इटली म्हणजे समुद्रापलीकडचं 'खंड'. "मुलगी खंडात असते" असं ते इतक्या दूरच्या आवाजात सांगतात की ती आफ्रिकेत वगैरे असावी असं वाटतं. ती असते बोलोन्याला.) ते आमचे घरमालक. वरच्या मजल्यावर ते आणि काकू, खाली आम्ही नवराबायको भाडेकरू. जिन्यात भेटले की लोक "बोन्जोर्नो" म्हणतात. काका वाऱ्याचं नाव घेतात.

"माएस्त्राले," ते म्हणतात. किंवा "शिरोक्को." आणि मागोमाग एक उसासा. वारा कुठलाही असो, उसासा ठरलेला.

वाऱ्याचं एवढं काय, असं आम्हालाही सुरुवातीला वाटायचं. पण सार्डिनियात समुद्रावर जाणं म्हणजे आधी वारा बघणं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. भूमध्य समुद्रातलं हे दुसऱ्या क्रमांकाचं मोठं बेट, पहिलं सिसिली. क्षेत्रफळ सुमारे 24,000 चौरस किलोमीटर, म्हणजे आपले सहा गोवे त्यात ऐसपैस बसतील. किनारा साडेअठराशे किलोमीटरच्या आसपास, आणि तो चारही दिशांना. वायव्येकडून माएस्त्राले येतो, दक्षिण फ्रान्समधल्या मिस्त्रालचा भाऊबंद: कोरडा, जोरकस, डोक्यावरची टोपी पळवणारा. आग्नेयेकडून शिरोक्को येतो तो सहारातून. दमट, चिकट, कधीकधी गाड्यांच्या काचांवर वाळवंटाची तांबूस धूळ टाकून जाणारा. नियम सोपा आहे. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असेल तो किनारा गाठायचा. तिथलं पाणी सपाट आणि नितळ. वारा समुद्रावरून अंगावर येत असेल तिथे लाटा, गढूळ पाणी आणि पावात वाळू. माएस्त्राले सुटला की पूर्वेला किंवा दक्षिणेला जावं, शिरोक्को सुटला की पश्चिमेला.

दोन ओळींचा हा नियम. पण काकांच्या हातात तो पडला की त्याचं पंचांग होतं. आमच्यासारख्याला चार दिशा, चार वारे. काकांकडे आठ, आणि त्यात पुन्हा पोटभेद. "माएस्त्राले आहे, पण थकलेला." "हा शिरोक्को नाही, शिरोक्को असल्याचं भासवतोय." "दुपारी फिरेल." दुपारी फिरेल हे त्यांचं हमखास भाकीत, कारण वारा दुपारी खरंच थोडाफार फिरतोच आणि नाही फिरला तर "संध्याकाळपर्यंत थांब" म्हणता येतं.

रविवारच्या समुद्राची बैठक शनिवारी रात्री सुरू होते. फोनवर तीन हवामान अ‍ॅपं उघडी, आणि तिन्हींवर अविश्वास. मग ओरिस्तानोकडच्या मेव्हण्याला फोन, "तुमच्याकडे झाडं कुठे वाकलीत?" मग व्हिल्लासिमिउसला कोणी चुलतभाऊ, त्याला फोन. तो म्हणतो सगळं छान आहे. काका फोन ठेवून म्हणतात, "ह्याला काय कळतंय." अंतिम निर्णय सकाळी, समोरच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या चादरींवरून. काकांचा विज्ञानावर विश्वास नाही, चादरींवर आहे. त्या बाईंनी एखाद्या रविवारी कपडे धुतले नाहीत तर काका गच्चीत येरझारा घालतात आणि त्यांच्या आळशीपणाबद्दल बोलतात.

एकदा बेत ठरला इस आरुतासचा. हा पश्चिमेचा, काब्रास गावाच्या हद्दीतला किनारा. तिथे वाळू नाही. तांदळाच्या दाण्याएवढे गारगोटीचे कण आहेत, पांढरे, गुलाबी, हिरवट. टॉवेलला चिकटत नाहीत, पायाला टोचत नाहीत. बायको आठवडाभर त्याच्याच गोष्टी करत होती. काल्यारीहून उत्तरेला पोर्तो तोर्रेसपर्यंत जाणारा जो हमरस्ता आहे, त्यावरून आम्ही निघालो. पुढे काका-काकू, मागे आम्ही दोघं, आमच्या मध्ये बर्फाची पेटी, माझ्या मांडीवर कलिंगड. अर्ध्या वाटेवर पेट्रोल भरायला थांबलो. पंपावर झेंडा होता. काकांनी झेंड्याकडे बघितलं. खिशातून रुमाल काढून हातात धरला. झेंडा आणि रुमाल यांचं एकमत झालेलं दिसलं, कारण काका गाडीत बसले आणि काही न बोलता त्यांनी गाडी वळवली.

"फिरला," काकू आम्हाला मागे वळून म्हणाल्या. आवाज असा, की कोणी गेल्याची बातमी आहे. कलिंगड पुन्हा काल्यारीला आलं.

त्या दिवशी आम्ही पोएत्तोला बसलो. पोएत्तो हा काल्यारीचा घरचा किनारा, सुमारे आठ किलोमीटर लांब, शहरातून बस जाते. मागे मिठागरं, त्यांत रोहित पक्षी. एका टोकाला 'सैतानाचं खोगीर' नावाचा डोंगर. देवदूतांनी सैतानाशी लढाई केली, तो घोड्यावरून पडला आणि त्याचं खोगीर इथे राहिलं, म्हणून समोरच्या आखाताचं नाव देवदूतांचं. काका ही गोष्ट सांगतात तेव्हा सैतान पडला त्या दिवशी वारा कुठला होता हेही सांगतात.

पोएत्तोवर त्यांना आणून बसवलं की मात्र चेष्टा थांबते, कारण तिथे त्यांचं खरं दुखणं आहे. त्यांच्या लहानपणी इथे लाकडी, रंगीत झोपड्यांची रांग होती. काल्यारीकर उन्हाळाभर तिथेच मुक्कामाला असत. आई स्वयंपाक तिथेच करी, वडील तिथूनच कामावर जात. 1986 साली त्या सगळ्या पाडल्या. वाळू तेव्हा पांढरीशुभ्र होती, चाललं की पायाखाली करकर वाजे. मग ती घटत गेली आणि 2002 साली प्रशासनाने समुद्रतळातून वाळू उपसून किनाऱ्यावर ओतली. ती निघाली काळपट आणि जाडीभरडी. प्रकरण कोर्टात गेलं. काका अजून वाकून मूठभर वाळू उचलतात, बोटांतून सोडतात आणि म्हणतात, "हे बघ. सिमेंट." मग पुढे अर्धा तास ते मंत्री, कंत्राटदार आणि अभियंते यांची वंशावळ सांगतात, आणि आपण महाराष्ट्रातून आलो असल्यामुळे आपल्याला त्यातलं काहीही अवघड जात नाही.

सामानाबद्दल सांगायला हवं. सार्ड माणूस समुद्रावर जात नाही, स्थलांतर करतो. छत्री, छत्री रोवायला फावडं, घडीचं टेबल, चार खुर्च्या, दोन बर्फाच्या पेट्या, इक्नुझा बिअर, पत्ते, वर्तमानपत्र. काकूंचं खातं वेगळं: लासान्याचा आख्खा ट्रे, तळलेली वांगी, मांसाचे कटलेट, पातळ पापडासारखा कडक 'काराझाऊ' पाव, पेकोरिनो चीज. बाजूला एखादं जर्मन जोडपं सफरचंद कापून खात असतं. काकू त्यांच्याकडे कणवेने बघतात. एकदा त्यांनी लासान्याचा तुकडा तिकडे पाठवलासुद्धा.

जेवण झालं की पाण्यात जायचं नाही. हा काकूंचा कायदा, आणि तो आख्ख्या इटलीचा आहे. भरल्या पोटी पाण्यात शिरलं की पचन थांबतं, माणूस तिथेच आडवा होतो. वैद्यकशास्त्राला या भीतीला फारसा आधार सापडलेला नाही, पण वैद्यकशास्त्र कधी काकूंसमोर उभं राहिलेलं नाही. फळाला अमुक वेळ, पास्त्याला तमुक, तळलेल्याला तीन तास. किनाऱ्यावर पोरं ओळीने बसलेली दिसतात, पाण्याकडे डोळे लावून, आणि मागून आया घड्याळ बघत असतात.

आमच्या बायकोने एकदा डब्यातून चिवडा काढला. पुण्याहून आलेला, जपून ठेवलेला. काकूंनी एक दाणा चाखला, डोळे मिटले आणि निवाडा दिला: "तळलेलं. तीन तास." निवाडा फक्त बायकोपुरता असता तर ठीक होतं. पण चिवडा तोवर छत्रीखाली फिरला होता. शेजारच्या छत्रीतली दोन नातवंडं, त्यांचा बाप, काका स्वतः, सगळ्यांनी मुठी मारल्या होत्या. त्या दुपारी किनाऱ्याचा तेवढा एक तुकडा पाच वाजेपर्यंत कोरडा बसून होता. नातवंडं आमच्याकडे अशी बघत होती की पुढच्या वेळी आम्ही डबा घरी ठेवला.

काकांना याचा काही त्रास झाला नाही, कारण काका पोहतच नाहीत. ते पाण्यात जातात, पण गुडघाभर. कमरेवर हात, मान किंचित वर, नजर क्षितिजावर. बाजूला तसेच तीन-चार समवयस्क काका, तसेच उभे. तासभर. मी एकदा जवळ जाऊन ऐकलं; मला वाटलं राजकारण चाललं असेल. चर्चा अशी होती की आज पाणी चांगलं आहे, पण काल जास्त चांगलं होतं. काल त्यांच्यापैकी एकही जण तिथे नव्हता.

वाळूवर कधी वाळलेल्या तपकिरी पात्यांचा ढीग लागलेला असतो, गुडघाभर उंच. एखादा पाहुणा नाक मुरडून म्हणाला की "काय ही घाण," तर काका थांबवून त्याचा वर्ग घेतात. हे शेवाळ नाही. ही पोसिदोनिया, समुद्रतळावर वाढणारी, फुलं-फळं येणारी खरीखुरी वनस्पती. हिचे हे ढीग लाटांचा मार अंगावर घेतात म्हणून वाळू जागेवर राहते. ढीग उचलला की हिवाळ्यात किनाराच निघून जातो. हे अगदी बरोबर आहे. फक्त पाहुणा सहसा चड्डीवर उन्हात उभा असतो आणि वर्ग अर्धा तास चालतो.

बाहेरच्यांबद्दलचा त्यांचा राग तपासून बघण्यासारखा आहे. ईशान्येचा 'कोस्टा स्मेराल्दा' म्हणजे श्रीमंतांच्या बोटींचा किनारा. 1962 साली तरुण प्रिन्स करीम आगाखान यांनी इतर गुंतवणूकदारांसह तो वसवायला घेतला. काका त्याला सार्डिनियात मोजत नाहीत. मी त्यांना सांगितलं की याच करीम आगाखानांच्या आजोबांनी 1892 साली आमच्या पुण्यात एक राजवाडा बांधला, कस्तुरबा गांधींनी तिथेच देह ठेवला, आणि 1969 साली करीम आगाखानांनी तो भारताला देऊन टाकला. काका बराच वेळ गप्प राहिले.

"तुम्हाला राजवाडा," ते शेवटी म्हणाले, "आणि आम्हाला पार्किंगचे दर."

त्याच दिवशी त्यांना कोकणाचे फोटो दाखवले. तारकर्ली, गुहागर, वेळणेश्वर. काकांनी चष्मा लावला, फोटो मोठे केले, माडांकडे बघून वारा ठरवला. मग विचारलं, "दुसऱ्या बाजूचे दाखव." म्हटलं, दुसरी बाजू नाही, आमच्या महाराष्ट्राला समुद्र फक्त पश्चिमेला. "आणि वारा पश्चिमेचा असला तर?" म्हटलं, पावसाळ्यात तो नैर्ऋत्येकडूनच येतो, चार महिने. तेव्हा कोणी पोहायला जात नाही. काकांनी चष्मा काढला. "चार महिने," ते काकूंना म्हणाले. काकूंनी तोंडावर हात ठेवला. त्या संध्याकाळी वरून आमच्यासाठी सेआदास आले: आत चीज, वर मध, तळलेले आणि गरम. एका बाजूच्या समुद्राबद्दल सांत्वन म्हणून असं मिष्टान्न मिळालेले मराठी माणसांत आम्ही पहिलेच असू.

पण काकांचा खरा जीव अडकलाय वाळूत. वायव्य टोकाला स्तिन्तिनोजवळ ला पेलोझा नावाचा किनारा आहे, छायाचित्रात खोटा वाटावा इतका फिकट निळा. गर्दीने तो झिजायला लागला तेव्हा तिथल्या पालिकेने नियम केले: उन्हाळ्यात दिवसाला 1,500 माणसं, आधी नोंदणी, माणशी साडेतीन युरो, टॉवेलखाली चटई सक्तीची कारण ओल्या टॉवेलबरोबर वाळू जाते, सिगारेट बंद. पूर्वेला काला गोलोरित्झेला तर दिवसाला 250च माणसं सोडतात. काका या कडकपणाचे खंदे समर्थक. "अजून कमी करा," ते म्हणत. मग आम्ही सगळे तीन तास गाडी हाकत ला पेलोझाला गेलो आणि फाटकावरच्या मुलीने त्यांच्याकडे पैसे मागितले. काकांनी तिला सार्ड भाषेत सांगितलं की ते सार्ड आहेत. तिने सार्ड भाषेतच सांगितलं की साडेतीन युरो. परतीच्या वाटेवर त्यांनी नियमात एक दुरुस्ती सुचवली, ती तुमच्या लक्षात आलीच असेल.

वाळू, शंख, गोटे उचलून नेणं हा तिथे गुन्हा आहे. 2017 च्या प्रादेशिक कायद्याने त्याला 500 ते 3,000 युरो दंड ठेवला. 2019 साली पोर्तो तोर्रेसच्या बंदरात एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत किया किनाऱ्यावरची 40 किलो वाळू सापडली, 14 प्लास्टिकच्या बाटल्यांत भरलेली. "आठवण म्हणून नेत होतो," असं त्यांचं म्हणणं. काका हा किस्सा सांगतात तेव्हा किलो वाढतात. मी ऐकलेला शेवटचा आकडा नव्वद होता. विमानतळावर सामान तपासणाऱ्यांना वाळूच्या बाटल्या नेहमी सापडतात. काही चोरांना वर्षांनी पश्चात्ताप होतो, ते माफीच्या चिठ्ठीसह टपालाने वाळू परत पाठवतात. अशी बातमी आली की काका ती जिन्यात सगळ्यांना वाचून दाखवतात.

साहजिकच किनाऱ्यावरून निघताना झडती असते. गाडीच्या डिकीत एक रंगाचा जुना ब्रश असतो. एकेकाने पाय वर करायचा, काका तळवे, बोटांच्या फटी, चपलांचे पट्टे झाडणार. पाहुणे, भाडेकरू, कोणाला सूट नाही. बायकोच्या पिशवीचा तळ त्यांनी उलटा करून दोनदा आपटला. त्यातून वाळू पडली, एक शिंपला पडला, आणि बरेच दिवस हरवलेली कानातली रिंग पडली. रिंग परत मिळाली. शिंपला काका स्वतः पाण्यापर्यंत जाऊन ठेवून आले.

आणि मग एके दिवशी, भाडं द्यायला वर गेलो असताना, दिवाणखान्यातल्या कपाटात, लग्नातल्या फोटोच्या मागे, बायकोला एक काचेची बाटली दिसली. आत वाळू. फिकट गुलाबी.

अशी वाळू एकाच जागची म्हणून ओळखली जाते. उत्तरेकडच्या माद्दालेना द्वीपसमूहात बुदेल्ली नावाचं लहानसं बेट आहे. तिथला गुलाबी किनारा 1964 च्या आंतोनिओनीच्या 'रेड डेझर्ट' सिनेमात दिसला आणि जगप्रसिद्ध झाला. रंग येतो तो एका सूक्ष्म सागरी जिवाच्या लाल कवचांच्या चुऱ्यातून. लोकांनी मुठी भरभरून तो रंग घरी नेला, आणि 1990 च्या दशकापासून त्या वाळूवर पाऊल ठेवायलाही बंदी आहे.

काकांनी आमची नजर पाहिली. काकू स्वयंपाकघरात निघून गेल्या. हा विषय घरात पूर्वी झालेला असावा.

"वडिलांनी आणली होती," काका म्हणाले. "तेव्हा कायदा नव्हता."

आम्ही काही बोललो नाही.

"शिवाय ती सार्डिनियातच आहे," काका म्हणाले. "बेटाबाहेर गेलेली नाही. चोरी कशी होईल? जागा बदललीय, एवढंच."

मग त्यांनी खिडकीकडे बघितलं आणि शिरोक्कोबद्दल बोलायला सुरुवात केली.

तुम्ही सार्डिनियाला जाणार असाल तर ऑगस्ट टाळा; पंधरा तारखेला तिथे फेर्रागोस्तोची सुट्टी असते आणि अर्धी इटली वाळूवर असते. सप्टेंबर उत्तम, पाणी तेव्हा कोमट असतं. ला पेलोझाची नोंदणी आधी करा, चटई न्या, निघताना पाय झाडा. आणि कोणी वारेकाका भेटले तर (भेटतीलच) "सगळ्यात चांगला बीच कुठला" असं चुकूनही विचारू नका. उत्तर द्यायला आधी वारा ठरावा लागतो, वारा ठरेपर्यंत जेवणाची वेळ होते, आणि एकदा काकूंच्या हातचं जेवलात की तुमचे तीन तास गेले.